जळगाव-धुळे एसटी: थेट रेल्वे नसलेल्या ९० किलोमीटरचा आधार

जळगावच्या नवीन बसस्थानकात धुळ्याची गाडी लागली की दारात गर्दी होते. कुणी खिडकीतून रुमाल टाकतो, कुणी पिशवी. धुळ्याच्या स्थानकात जळगावच्या गाडीपाशीही हेच दृश्य असते. दोन्ही शहरांत रेल्वेस्थानक आहे, जळगाव तर मोठे जंक्शन आहे. तरीही या दोन शहरांमधला प्रवासी एसटीचीच वाट पाहतो. असे का, ते समजून घेऊ.

गाडी कुठून कुठे जाते?

जळगाव ते धुळे हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. गाडी शहराबाहेर पडून बांभोरीजवळ गिरणा नदीचा पूल ओलांडते. पुढे पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे आणि मग धुळे. हा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. सुरत-नागपूर महामार्ग म्हणूनही तो ओळखला जातो आणि आशियाई महामार्ग ४६ चा भाग आहे. धुळ्यात तो मुंबई-आग्रा महामार्गाला छेदतो. त्यामुळे नाशिक, मुंबई किंवा इंदूरकडे जाणारे अनेक प्रवासी धुळ्यात गाडी बदलतात.

रेल्वेने का जाता येत नाही?

जाता येते, पण वळसा घालून. मुंबई-भुसावळ हा मुख्य लोहमार्ग १८६० च्या दशकात टाकला गेला. तो जळगाव, पाचोरा, चाळीसगाव असा जातो. धुळे त्यापासून बाजूला राहिले. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे हा फाटा सुरू झाला, पण तो धुळ्यातच संपला. त्याच सुमारास सुरतहून आलेला तापी खोऱ्यातील लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव असा उत्तरेकडून जळगावला पोहोचला.

म्हणजे एक मार्ग दक्षिणेने गेला, दुसरा उत्तरेने. मधली एरंडोल आणि पारोळा ही दोन्ही तालुक्याची गावे रेल्वेविना राहिली. आज जळगावहून धुळ्याला रेल्वेने जायचे तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते आणि अंतर सुमारे १५० किलोमीटर होते. रस्त्याने ते ९० आहे. या मार्गावरच्या गर्दीचे मूळ इथे आहे.

दोन शहरांचे नाते किती जुने?

१९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्यालय धुळे होते. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले. पूर्वेचे मुख्यालय जळगाव ठरले, पश्चिमेचे धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर हेच जिल्हे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला.

जिल्हे वेगळे झाले तरी नातीगोती, बाजार आणि सरकारी कामे एकमेकांत गुंतलेली राहिली. राज्यात सरकारी एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतर टप्प्याटप्प्याने खासगी मोटारींची जागा एसटीने घेतली. आज हा मार्ग एसटीच्या जळगाव आणि धुळे अशा दोन विभागांत येतो. वाटेत एरंडोलला स्वतंत्र आगार आहे.

प्रवासी कोण?

विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी १९९० मध्ये सुरू झालेले, आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव असलेले विद्यापीठ याच रस्त्यालगत गिरणाकाठी आहे. धुळ्याच्या विद्यार्थ्याला विद्यापीठात काम निघाले की हीच गाडी. बांभोरीला अभियांत्रिकी महाविद्यालय आणि जैन उद्योगाचा प्रकल्प आहे.

रुग्णांसाठीही हा रस्ता महत्त्वाचा राहिला. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. त्याआधी या पट्ट्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय म्हणजे धुळे. याशिवाय एरंडोलजवळच्या पद्मालय गणपतीचे भाविक, पारोळ्याच्या बालाजीचे भाविक आणि आठवडे बाजाराला जाणारे शेतकरी असतातच.

तिकिटाचा हिशेब कसा?

एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजले जाते. म्हणजे या मार्गावर साधारण १५ टप्पे. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. मात्र मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मे, आणि ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. विद्यार्थ्यांना सवलतीचा मासिक पास मिळतो.

गाडी बंद पडली तर काय होते, हे २०२१-२२ च्या संपात दिसले. कर्मचाऱ्यांचा संप कित्येक महिने चालला. ज्यांच्या गावाला रेल्वे नाही, त्यांच्यापुढे काळी-पिवळी आणि खासगी वाहने एवढाच पर्याय उरला. तिथे ना पास चालतो, ना सवलत.

चौपदरीकरणामुळे काय बदलते?

तरसोद ते फागणे या सुमारे ८७ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम अनेक वर्षे रेंगाळले. खड्डे, अर्धवट पूल आणि वळणरस्ते यांचा फटका रोजच्या प्रवाशांनी सोसला. रस्ता रुंद झाला की वेळ वाचतो, हे खरे. पण नवा महामार्ग वस्तीला वळसा घालून जातो. पाळधी-तरसोद बायपास जळगाव शहराच्या बाहेरून जातो. लांब पल्ल्याच्या गाड्यांना असे रस्ते सोयीचे. मधल्या गावच्या प्रवाशाची मात्र अडचण होते. गाडी स्थानकात न येता महामार्गावरच थांबली, तर रात्री सामान आणि लेकरे घेऊन गावापर्यंत जायचे कसे?

धुळे-नरडाणा रेल्वे झाली तर?

बोरविहीर-नरडाणा या नव्या लोहमार्गाचे काम हाती आहे. तो धुळ्यावरून जातो आणि नरडाण्याला तापी मार्गाला मिळतो. तो पूर्ण झाल्यावर धुळे-अमळनेर-जळगाव अशी रेल्वे शक्य होईल. थेट शहर ते शहर जाणारा काही प्रवासी तिकडे वळेल. एरंडोल आणि पारोळा मात्र त्याही नकाशात नाहीत. तिथल्या विद्यार्थ्याला, रुग्णाला आणि भाजी विकायला निघालेल्या बाईला उद्याही एसटीच लागणार आहे.

म्हणून या मार्गावर नुसत्या फेऱ्या मोजून भागणार नाही. त्यातल्या किती गाड्या एरंडोल-पारोळ्याच्या स्थानकात आत येतात, हे पाहावे लागेल. तोवर प्रवाशांनी गाडीत चढण्याआधी वाहकाला एवढे विचारून घ्यावे: गाडी गावात जाते, की बाहेरूनच?