हृदयाचे कार्य आणि सिकलसेल

मानवी शरीरात हृदयाला अनन्यसाधारण महत्त्व आहे, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु हृदय नेमके काय करते, आणि ते जे रक्त ढकलते ते रक्तच सदोष असेल तर हृदयावर काय प्रसंग ओढवतो, याचा विचार आपल्या गोंदिया जिल्ह्यातील प्रत्येक कुटुंबाने करणे अगत्याचे आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही हा विषय वाचकांपुढे मांडत आहोत.

हृदय दोन फुप्फुसांच्या मध्ये, किंचित डावीकडे कललेले असते. आकाराने ते ज्याच्या त्याच्या मुठीएवढे, तर प्रौढ माणसात वजनाने सुमारे ३०० ग्रॅम भरते. त्यात चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद व खालच्या दोघांना निलय म्हणतात. उजव्या व डाव्या बाजूंमध्ये पडदा असल्यामुळे दोन्हीकडील रक्त एकमेकांत मिसळत नाही.

शरीरभर फिरून प्राणवायू कमी झालेले रक्त उजव्या अलिंदात येते, तेथून उजव्या निलयात उतरते आणि निलय आकुंचन पावताच फुप्फुसांकडे जाते. तेथे प्राणवायू घेऊन ते डाव्या अलिंदात परतते, डाव्या निलयात उतरते आणि महारोहिणीवाटे सर्व शरीरात पोहोचते. उजव्या निलयाला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त पाठवायचे असते. डाव्याला मात्र डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत. म्हणून डाव्या निलयाची भिंत अधिक जाड असते.

विहिरीवरील मोटारपंपाला फूटव्हॉल्व्ह असतो, त्यामुळे वर चढलेले पाणी परत उतरत नाही. हृदयातही अशा चार झडपा आहेत. डॉक्टर छातीला नळी लावून जो 'लब-डब' आवाज ऐकतात, तो या झडपा मिटण्याचा असतो. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ७२ ठोके देते व प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर रक्त पुढे ढकलते. दिवसाकाठी हे ठोके एक लाखावर जातात.

आता रक्ताकडे वळू. प्राणवायू वाहून नेण्याचे काम तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन करते. निरोगी पेशी गोल, चपटी व लवचिक असते. केसाहून बारीक वाहिन्यांतूनही ती वाकून निघून जाते. सिकलसेलच्या रुग्णात हिमोग्लोबिनची घडणच वेगळी असते. प्राणवायू देऊन झाला की अशी पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते. बांधीला पाणी नेणाऱ्या पाटात काडीकचरा अडकावा, तशा या पेशी वाहिनीत अडकतात आणि हाडे, सांधे, छाती व पोटात असह्य वेदना सुरू होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्तक्षय कायमचा जडतो.

येथेच हृदयाची परीक्षा सुरू होते. रक्तात प्राणवायू कमी असल्याने शरीराची गरज भागविण्यासाठी हृदयाला दर मिनिटाला अधिक रक्त ढकलावे लागते. वर्षानुवर्षे हा जादा भार वाहून हृदयाचा आकार वाढतो, थोड्या श्रमानेही धाप लागते. फुप्फुसांतील वाहिन्यांचा दाब वाढला तर उजव्या निलयावरही ताण येतो. पंप चांगला असूनही पाण्याच्या दोषामुळे तो झिजावा, तसा हा प्रकार आहे.

आपल्या भागात हा आजार आहे, हे १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोलंकी यांच्या अभ्यासाने पुढे आणले. विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या बौद्ध समाजात तो विशेष आढळतो. ही कुणाची बाहेरबाधा नव्हे, की कुणाचे पाप नव्हे. वाहक व्यक्तीला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला.

'ए-एस' म्हणजे वाहक व 'एस-एस' म्हणजे रुग्ण. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासणीवाचून ते कळत नाही. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व निरोगी असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची सुरक्षित, असा हिशेब करू नये. प्रत्येक वेळी शक्यता तीच राहते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु केवळ शासनावर विसंबून चालणार नाही. वधू-वर परिचय मेळाव्यात शिक्षण व नोकरीची माहिती आपण आवर्जून देतो. तीसोबत सिकलसेलचा अहवालही द्यावा. दोघेही वाहक असतील तर विवाहाआधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. विवाह झालेला असल्यास गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावे. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नियमित घ्याव्यात व ताप आल्यास घरी न थांबता दवाखाना गाठावा. वाहक मुलीला वा मुलाला मात्र कुणी कमी लेखू नये.

हृदय आपले काम न सांगता करीत असते. त्याला निरोगी रक्त मिळावे, एवढी काळजी पुढच्या पिढीसाठी समाजबांधवांनी घ्यावी, ही आमची नम्र विनंती.