दोन पर्वांमधून धावणारी आगगाडी

गोंदिया जंक्शनवर रुळांची दोन जगं शेजारी नांदली. एकीकडे मुंबई–हावडा मार्गावरच्या मोठ्या गाड्या, दुसरीकडे नैनपूर-जबलपूरकडे सातपुड्याच्या रानात शिरणारी बंगाल नागपूर रेल्वेची अडीच फुटी छोटी लाईन. या छोट्या लाईनीवर वाफेची इंजिनं धावत होती, तेव्हा जपानमध्ये १९१२ ते १९२६ चा ताइशो कालखंड चालू होता. ‘डेमन स्लेयर: मुगेन ट्रेन’ हा अ‍ॅनिमे चित्रपट घडतो तो याच कालखंडातल्या, वाफेवर चालणाऱ्या एका गाडीत.

कोयोहारू गोतोगे यांच्या चित्रकथेवरून यूफोटेबल या स्टुडिओने २०१९ मध्ये २६ भागांचं पहिलं पर्व केलं. राक्षसाने कुटुंब मारलेला तानजिरो, राक्षसी झालेली पण माणुसकी न सोडलेली त्याची बहीण नेझुको आणि दोन मित्र शेवटच्या भागात मुगेन गाडीत चढतात. तिथेच पर्व संपतं! गाडी पुढे कुठे गेली, हे कळायला प्रेक्षकांना १६ ऑक्टोबर २०२० ला थेट चित्रपटगृहात जावं लागलं.

हे धाडस किती मोठं, ते लक्षात घ्या. गाजलेल्या अ‍ॅनिमे मालिकांचे चित्रपट बरेचदा आडकथा असतात. नायक कुठेतरी लढून येतो आणि मालिकेत त्याचा मागमूसही उरत नाही. चित्रपट चुकला तरी प्रेक्षकाचं काही अडत नाही. इथे मात्र कथेचा कणाच पडद्यावर नेला. तो पाहिल्याशिवाय दुसरं पर्व उमगणारच नाही.

निवडही अचूक होती. हा कथाभाग जेमतेम एका रात्रीचा आणि एकाच गाडीतला. एन्मु नावाचा राक्षस प्रवाशांना त्यांच्या आवडत्या स्वप्नात झोपवतो. तानजिरोला स्वप्नात गमावलेलं घर परत मिळतं, आईभावंडं हसत समोर येतात, आणि जागं व्हायचं तर त्यांना पाठ दाखवून निघावं लागतं. मला हा प्रसंग सगळ्या तलवारबाजीपेक्षा भारी वाटतो. पुढे राक्षस गाडीशीच एकजीव होतो. आठ डबे, दोनशेवर प्रवासी. पाच डबे एकटा रेनगोकू सांभाळतो. पहिल्या पर्वात ओझरता दिसलेला हा योद्धा दोन तासांत प्रेक्षकाच्या घरचा होतो. त्याचं पुढे काय होतं ते इथे सांगत नाही, पण दुसऱ्या पर्वाच्या आरंभी तानजिरो त्याच्या घरी का जातो, हे चित्रपट पाहिलेल्यालाच कळतं.

कोरोनाच्या सावटातही जपानने थिएटरं भरली. ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटाचा जवळपास एकोणीस वर्षांचा कमाईचा विक्रम अडीच महिन्यांच्या आत मोडला. पडद्यावरचं इंजिन ८६२० या खऱ्या जपानी इंजिनवर्गावर बेतलेलं आहे. त्याच वर्गातलं १९२२ सालचं एक इंजिन नोव्हेंबर २०२० मध्ये क्युशू बेटावर मुगेन गाडीच्या रूपात खरोखर धावलं. चित्रातली गाडी रुळावर उतरलेली पाहायला लोक लोटले.

२०२१ मध्ये याच चित्रपटाचे सात भाग करून तो टीव्हीवर दाखवला गेला. पहिला भाग नवा, बाकीचे सहा मुख्यतः चित्रपटातून कापलेले. मग डिसेंबरात पुढची कथा सुरू झाली. म्हणजे चित्रपटाची मालिका होऊन तो मूळ प्रवाहात परत मिसळला.

पाहायचा क्रम असा ठेवा: पहिलं पर्व, मग चित्रपट, मग दुसरं पर्व. सात भागांपेक्षा अखंड चित्रपटच पाहा, कारण ही एका दमात जगायची रात्र आहे. आणि आपल्याकडची छोटी लाईन आता मोठी झाली असली, तरी तिच्या काळातली इंजिनं नागपूरला मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात उभी आहेत. मुलांना अ‍ॅनिमेचं वेड असेल, तर त्यांना ती जरूर दाखवा.