परक्या गावातली कुत्री आणि आपण

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात रस्त्यावरची कुत्री कुठून आली, असं काहींच्या मनात आलं असेल. ती एका प्रश्नातून आली. आपली एक श्रोती नोकरीनिमित्त वर्षभर इस्तंबूलला राहते आहे. ती लिहिते की दिवसा सगळं ठीक असतं, पण रात्री मेट्रोतून उतरून घरी जाताना कोपऱ्यावर पाच-सहा कुत्री बसलेली असतात. तिथल्या लोकांकडे ती मान वर करूनही बघत नाहीत, आणि नेमकी हिच्यावर भुंकतात. ऑफिसातले लोक हसून म्हणतात, काही करत नाहीत गं ती. तिने दोनच गोष्टी विचारल्या. घाबरणं चूक आहे का? आणि परक्या देशात याबद्दल तक्रार करायचा आपल्याला हक्क पोचतो का?

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. दुसरा वाटतो त्यापेक्षा बराच अवघड आहे.

आधी शब्द बघू. आपण अशा कुत्र्यांना भटकी म्हणतो, मोकाट म्हणतो, बेवारशी म्हणतो. या तिन्ही शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: कुत्र्याला मालक असतो, आणि मालक नसेल तर ते कुणाचंच नसतं. इस्तंबूलमध्ये हे गृहीतक चालत नाही. तिथे त्याला नुसतं 'सोकाक कोपेई' म्हणतात, म्हणजे रस्त्यावरचं कुत्रं. त्याला मालक नसतो, पण 'महल्ले' असते. हा शब्द म्हणजे आपला मोहल्लाच, दोन्हीकडे अरबीतून आलेला. खाटीक हाडं टाकतो, कुणी दाराशी पाण्याचं भांडं ठेवतं, कोपऱ्यावरचा 'बक्काल' म्हणजे किराणावाला त्याला नावाने हाक मारतो. (आपल्याकडेही वाण्याला बकाल म्हणत. 'वाणी-बकाल' हा जोडशब्द आमच्या पिढीने ऐकलेला आहे. आता मात्र आपण बकाल म्हणतो ते वस्तीला.) कुत्र्याची लाळ धार्मिक शुद्धतेच्या दृष्टीने वर्ज्य मानल्यामुळे जुन्या काळी त्याला घरात घेणं लोक टाळत, पण दारात आलेल्याला खायला घालणं पुण्याचं समजत. म्हणजे घराबाहेर, पण गावाच्या आत. हे कुत्र्याचं स्थान नीट लक्षात घ्या. परदेशात राहणाऱ्या माणसाचं स्थानही बरंचसं तसंच असतं.

आता ते भुंकतं का? इथे प्लेटो कामाला येतो. 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात नगराचे रक्षक कसे असावेत, याची चर्चा चालू असताना सॉक्रेटिस कुत्र्याचं उदाहरण देतो. ओळखीच्या माणसाने कधी काही दिलं नसलं तरी कुत्र्याला तो बघून आनंद होतो, आणि अनोळखी माणसाने कधी काही वाकडं केलं नसलं तरी कुत्रं त्याच्यावर रागावतं. म्हणजे आपलं कोण आणि परकं कोण, हे ते नफ्या-तोट्यावर ठरवत नाही, ओळखीवर ठरवतं. ज्ञानावर प्रेम करणारं म्हणून कुत्रं तत्त्वज्ञच झालं, असं तिथे अर्धवट थट्टेत म्हटलेलं आहे. थट्टा सोडली तरी निरीक्षण पक्कं आहे. कोपऱ्यावरचं कुत्रं आपला पासपोर्ट बघत नाही. पलीकडच्या वस्तीतला अस्सल तुर्की माणूस रात्री अकराला त्या गल्लीत आला तर त्याच्यावरही भुंकेल. ते एवढंच म्हणत असतं की तुला मी ओळखत नाही.

तर उपाय ओळख करून घेण्याचा. आणि ओळख दिवसा होते, रात्री होत नाही. रोज त्याच वाटेने, शक्यतो त्याच वेळेला, रस्त्याच्या त्याच बाजूने, घाई न करता जावं. बक्कालकडे उभं राहून दोन शब्द बोलावेत. त्याच्याशी बोलणारा माणूस कुत्री बघत असतात. याला काही आठवडे लागतात, दोन दिवसांत होत नाही.

पण कुत्री काही करत नाहीत, हे ऑफिसातल्या मंडळींचं वाक्य आपण मान्य करायचं कारण नाही. ते वाक्य ओळखीच्या माणसाचं आहे, त्यांच्यापुरतं खरंही आहे. २००६ च्या जानेवारीत रुमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये एका जपानी व्यावसायिकाला रस्त्यावरचं कुत्रं पायाला चावलं, रक्तवाहिनी फुटली आणि तो माणूस दगावला. तोही परकाच होता. बुखारेस्टची कुत्री हा चाउशेस्कूच्या राजवटीचा वारसा. १९८० च्या दशकात जुनी घरं पाडून लोकांना फ्लॅटमध्ये हलवलं, अंगणातली कुत्री रस्त्यावर राहिली. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: घाबरणं चूक नाही. भीती हीसुद्धा एक माहिती असते. फक्त भीतीने पाय पळायला लागले की पंचाईत होते, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणं हे कुत्र्याच्या स्वभावातच आहे.

मग करायचं काय? थांबायचं. नजरेला नजर द्यायची नाही. अंग थोडं तिरकं, हात जवळ, हळूहळू पाय मागे. पिशवी, छत्री, जे असेल ते मध्ये धरायचं. पडलोच तर अंगाचं मुटकुळं करून मान आणि कान हातांनी झाकायचे. कचऱ्याच्या डब्याजवळ खात असलेलं कुत्रं आणि पिल्लांची आई, यांच्यापासून दहा पावलं लांब. सकाळी धावायला जाणारे आणि सायकलवाले यांनी जास्त जपावं, कुत्री समोर दिसली की धावणाऱ्याने चालायला लागावं आणि सायकलवरून उतरून सायकल मध्ये ठेवावी. आपला 'हाड' तिथे चालणार नाही, तिथे 'होश्त' म्हणतात. आणि दगड? वाकून दगड उचलल्याचा आव आणला की कुत्री पुष्कळदा मागे हटतात, हे खरं. पण खरोखर मारू नये. कुत्र्याचं काय व्हायचं ते होईल, मोहल्ल्यात आपली जी ओळख होईल ती पुसता येणार नाही.

आता दुसरा प्रश्न, हक्काचा. त्यासाठी त्या शहराचा थोडा इतिहास हवा. मार्क ट्वेन १८६७ मध्ये तिथे गेला होता. रस्त्याच्या मधोमध निवांत पसरलेल्या कुत्र्यांचं वर्णन त्याच्या १८६९ च्या प्रवासवर्णनात आहे. म्हणजे परक्या माणसाचं या कुत्र्यांकडे टक लावून बघणं जुनंच. पुढे १९१० मध्ये शहर आधुनिक दिसावं म्हणून तिथल्या सरकारने हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या सिव्रीआदा या ओसाड बेटावर नेऊन सोडली. प्यायला पाणी नाही, खायला काही नाही. त्यांचा आक्रोश शहरापर्यंत ऐकू येई, अशी आठवण सांगतात. बहुतेक सगळी तिथेच मेली. त्या बेटाला लोक 'हायर्सिझ आदा' म्हणतात, म्हणजे जिथे काही बरकत नाही असं बेट. ही आठवण अजून जिवंत आहे. या घटनेवरच्या एका छोट्या चित्रपटाला २०१० मध्ये कान महोत्सवात लघुपटांसाठीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

२००४ च्या कायद्याने असं ठरवलं की नगरपालिकेने कुत्री पकडावीत, नसबंदी करावी, लस टोचावी आणि जिथून उचललं तिथेच परत सोडावं. कानात प्लास्टिकचा बिल्ला दिसतो तो याचा. (बिल्ला म्हणजे कधीतरी लस दिली होती, एवढंच. ती अजून लागू आहे, असं तो सांगत नाही.) हे काम सगळीकडे पुरेसं झालं नाही, संख्या वाढत गेली, चावे झाले, मुलं गेली, लोक संतापले. सरकारच्या अंदाजाने देशात सुमारे ४० लाख कुत्री होती. २०२४ च्या जुलैअखेर संसदेने कायदा बदलला: आता परत सोडणं नाही, निवाऱ्यात ठेवायचं. आजारी आणि आक्रमक असतील त्यांना मारण्याचीही तरतूद आहे. निवारे बांधायला नगरपालिकांना २०२८ अखेरपर्यंत मुदत आहे. त्यावर तिथे मोठी निदर्शनं झाली. १९१० ची आठवण दोन्ही बाजूंच्या मनात होती. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा दिल्लीच्या कुत्र्यांबद्दलचा आदेश आला, अकरा दिवसांत तो बदलला, तेव्हा झालेला वाद आठवा. तसाच, फक्त भाषा वेगळी.

अशा भांडणात परक्याने उडी घ्यावी का? परक्याच्या हातात सत्ता असली की काय होतं, याचं उदाहरण आपल्या मुंबईत आहे. १८३२ च्या जूनमध्ये इंग्रज सरकारच्या हुकमाने रस्त्यावरची कुत्री मारणं चालू होतं, मारणाऱ्याला रोख बक्षीस. पारशी धर्मात कुत्र्याला विशेष मान. पारशी लोक रस्त्यावर आले, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, त्यांत इतर समाजही सामील झाले. इंग्रजांना ती कुत्री मालक नसलेली दिसत होती. ती कुणाची आहेत, हे त्यांना दंगल झाल्यावर कळलं.

आपल्या श्रोतीकडे सत्ता नाही. पण म्हणून तिने गप्प बसावं, असं आम्हांला वाटत नाही. कांटने १७९५ च्या 'शाश्वत शांती'वरच्या निबंधात परक्याचा हक्क नेमका मोजून दिला आहे. पाहुणचार मागण्याचा हक्क नाही, पण आल्या-आल्या शत्रूसारखं न वागवलं जाण्याचा हक्क आहे. हे माप इथेही चालेल. रस्त्यावरून न चावता घरी पोचणं हा पाहुणचार नव्हे. तेव्हा एखादं ठरावीक कुत्रं अंगावर येत असेल तर १५३ या क्रमांकावर इस्तंबूलच्या महापालिकेला कळवणं हा हक्क आहेच. तिथे भाडं भरतो, कर भरतो. पण 'या गल्लीतली सगळी कुत्री उचला' ही मागणी वेगळी. त्या गल्लीने ज्यांना वर्षानुवर्षं पोसलं, त्यांचं काय करायचं हे गल्लीने ठरवायचं. आणि नव्या कायद्यानंतर उचललेलं कुत्रं परत येत नाही, हे फोन करणाऱ्याला ठाऊक असायला हवं. म्हणून आधी बक्कालला विचारा. पुष्कळदा त्याला ते कुत्रं कोणतं, कधीपासून चिडकं झालं, का झालं, सगळं माहीत असतं.

खायला घालण्याचंही असंच. एकट्या माणसाला परगावी कुत्र्याचा लळा लागतो, स्वाभाविक आहे. पण आपलं काँट्रॅक्ट संपतं, आपण जातो, आणि आपल्या दारापाशी जमायची सवय लागलेली आठ कुत्री शेजाऱ्यांच्या वाट्याला येतात. घालायचं तर तिथे जे आधीपासून घालतात त्यांच्या हातात पैसे द्यावेत. काहींना हे कोरडं वाटेल. युधिष्ठिराचं कुत्रं कधी येतंय म्हणून तुम्ही वाट बघत असाल, पण ते इथे लागू पडत नाही. ते हस्तिनापुरापासून त्याच्या मागे चालत आलेलं, त्याचं स्वतःचं झालेलं होतं. आपल्याला उदाहरण हवं तर डायोजेनीसचं. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलाच. हद्दपार होऊन अथेन्सला आला, परका म्हणून उघड्यावर राहिला, लोकांनी कुत्रा म्हटलं तर ते नाव त्याने लावूनच घेतलं. त्याच्या पंथाचं ग्रीक नाव कुत्रा या शब्दावरूनच पडलं. आपण कुठले असं विचारलं की तो म्हणे, जगाचा नागरिक. हे तो बोलला ते परक्या गावात राहून, हे आपण सहसा विसरतो.

शेवटी एक गोष्ट, जिथे तत्त्वज्ञान अजिबात करायचं नाही. ती म्हणजे रेबीज. तुर्कीत त्याला 'कुदुझ' म्हणतात. पाश्चरने १८८५ मध्ये लस दिली, सुलतानाने १८८६ मध्ये माणसं पॅरिसला शिकायला पाठवली, आणि १८८७ मध्ये इस्तंबूलला उपचारकेंद्र सुरू झालं. म्हणजे उपाय तिथे सव्वाशे वर्षांहून जुना आहे. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र हा रोग जवळजवळ नेहमीच मारतो. लक्षणं यायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्ष, आणि 'काही झालं नाही बुवा' असं समजून माणूस स्वस्थ बसतो तो याच काळात.

चावा असो, ओरखडा असो, जखमेवर चाटलेलं असो: नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरचीची पूड काही लावू नका. मग त्याच दिवशी दवाखाना. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन लागतं, ते आपणहून विचारा. पोटात चौदा इंजेक्शनं, ही भीती आपल्या पिढीने पुढच्या पिढीला दिली. ती लस केव्हाच गेली, आता दंडात देतात. लशीचे सगळे डोस पूर्ण करा. मधे भारतात यायचं असेल तर कागद बरोबर आणा, म्हणजे राहिलेले डोस इथे घेता येतात. जाण्याआधीच प्रतिबंधक लस घेता येते. जिथे दवाखाना लांब आहे तिथे राहणाऱ्यांनी आणि लहान मुलं असलेल्यांनी ती घ्यावीच, कारण मुलं चावलेलं सांगत नाहीत, रागावतील म्हणून.

आणि पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर ११२, तिथला तातडीचा क्रमांक, आणि दोन वाक्यं: 'कोपेक इसर्दी', कुत्रं चावलं, आणि 'कुदुझ अशसी', रेबीजची लस. उच्चार एकदा बक्कालकडून तपासून घ्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.