अल्-बिरूनी : परक्याला समजून घेण्याची रीत

प्रवासवर्णनं आपण पुष्कळ वाचतो. पण परक्या समाजाविषयी लिहिताना त्याला न्याय कसा द्यायचा, हा प्रश्न फार थोड्या लेखकांनी स्वतःला विचारला. अल्-बिरूनी हा त्यांपैकी एक. त्याचा जन्म इ. स. ९७३ मध्ये ख्वारिझम प्रांतात, आजच्या उझबेकिस्तानात झाला. तिशीच्या आतच त्याने इराणी, ग्रीक, ज्यू, ख्रिस्ती अशा अनेक लोकांच्या कालगणना आणि सणवार एकत्र मांडणारा ग्रंथ लिहिला.

पुढे १०१७ साली गझनीच्या महमुदाने ख्वारिझम जिंकलं आणि या विद्वानाला गझनीला नेलं. म्हणजे बघा, भारताशी त्याची गाठ पडली ती आक्रमकाच्या दरबारातला माणूस म्हणून. तरीही त्याने चाळिशी उलटल्यावर संस्कृतचा अभ्यास मांडला, ग्रंथ जमवले, पंडितांना गाठलं आणि पतंजलीच्या योगावरचा ग्रंथ अरबीत नेला. १०३० च्या सुमारास त्याचा भारतावरचा ८० प्रकरणांचा ग्रंथ पुरा झाला.

या ग्रंथाची रीत आपण नीट पाहिली पाहिजे. आरंभीच तो सांगतो, की हे वादाचं पुस्तक नाही. हिंदूंचं म्हणणं हिंदूंच्याच शब्दांत द्यायचं आणि शेजारी ग्रीकांचं तशाच स्वरूपाचं मत ठेवायचं. मग समजण्यात अडथळे कोणते, तेही तो मोजतो : अवघड भाषा, नकलाकारांची बेफिकिरी, वेगळे आचार आणि महमुदाच्या स्वाऱ्या. या स्वाऱ्यांनी देशाची वाताहत केली, विद्या दूर काश्मीर-काशीकडे गेली, हे तो स्पष्ट लिहितो. ज्या राजवटीच्या आश्रयाने आपण जगतो, तिच्याविषयी असं लिहिणं सोपं नसतं.

मूर्तिपूजेच्या प्रकरणात तो म्हणतो, सामान्य माणसाला सगळीकडेच डोळ्यांना दिसणारं काहीतरी हवं असतं. आपल्याच धर्मातल्या अडाणी माणसाला काबेचं चित्र दाखवलं, तर तोही आनंदाने त्याचं चुंबन घेईल. म्हणजे काय, तर परक्याला लावलेली फूटपट्टी तो स्वतःच्या माणसांनाही लावतो.

त्याचा अर्थ त्याच्याकडून काही सुटलं नाही असा नव्हे. त्याची बरीच माहिती पोथ्यांतून आणि पंडितांकडून आलेली. शेतकरी, कारागीर, बायका यांचा आवाज त्यात फारसा नाही. शिवाय हिंदूंना आपल्याच देशाचा आणि विद्येचा फार गर्व आहे, अशी टीकाही तो करतो, आणि त्यांचे पूर्वज असे संकुचित नव्हते असंही सांगतो. ही टीका ऐकताना आपल्याला राग येतो की आपण विचार करतो? त्याने जो प्रामाणिकपणा स्वतःच्या लोकांबाबत दाखवला, तेवढा आपल्याला आपल्या बाबतीत जमतो का, हे ज्याने त्याने तपासावं.