ढोलीतलं बाळंतपण

आई खोलीतून बाहेर कधी येणार, हे सकाळपासून दोघांनी किती वेळा विचारलंत! सव्वा महिना तरी धीर धरा. बाळंतिणीची खोली अशीच असते. दार लोटलेलं, ओव्याची नि बाळंतशोपांची धुरी, वेळच्या वेळी आत जाणारी शेपूची भाजी नि अळिवाचे लाडू. पण आज मी तुम्हांला अशा एका आईची गोष्ट सांगतो, जिने दार नुसतं लोटून घेतलं नाही, आतून लिंपून टाकलं. हे चैत्राचं ऊन तापलंय ना, ह्या घडीला ती आपल्या देवरहाटीतल्या, देवाच्या रानातल्या, जुन्या बेहड्यावर, उंच खोडातल्या अंधाऱ्या ढोलीत बसलेली आहे.

ती महाधनेशाची मादी. गावात कोणी तिला गरुड म्हणतात, कोणी ककणेर. पण शिकारी गरुडाशी तिचं काही नातं नाही. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत मोजलं तर पक्षी चार फुटांच्या घरात जातो आणि पंख पसरले की पाच फूट. चोच पिवळी, लांब, खाली वळलेली आणि तिच्यावर आणखी एक पिवळं शिंग. दिसायला ते जड वाटतं, पण आतून बरंचसं पोकळ असतं. तरी एवढी मोठी चोच सांभाळायची म्हणजे मान भक्कम हवी. म्हणून धनेशाच्या मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जोडले गेलेत. पक्ष्यांच्या साऱ्या दुनियेत हे फक्त धनेशांच्या कुळात दिसतं. आणि पापण्या बघाल तर लांब, काळ्याभोर! केसांच्या नव्हेत बरं, बारीक पिसांच्याच.

नर-मादी ओळखायची खूण डोळ्यांत आहे. नराचं बुबुळ लाल, मादीचं पांढरट. आणि धनेश दिसायच्या आधी ऐकू येतो. इतर पक्ष्यांच्या पंखांखाली मोठ्या पिसांच्या मुळांशी छोट्या पिसांचं अस्तर असतं. धनेशाला ते नाही. त्यामुळे पंख हलला की हवा मोठ्या पिसांमधून जोराने घुसते आणि घूस घूस असा आवाज होतो. रान शांत असलं तर तो पार लांबवर पोचतो. परवा अंगणात तुम्ही दचकून वर पाहिलंत, तो हाच.

आता गोष्ट सुरुवातीपासून सांगतो. थंडीच्या दिवसांत जोडी ढोल्या बघत हिंडते. सुतार पक्ष्यासारखं खोड पोखरणं धनेशाला जमत नाही. फांदी मोडली, तिथे लाकूड कुजलं, वर्षानुवर्षं कुजत गेलं, म्हणजे कुठे त्याच्या मापाची ढोली तयार होते. ती सापडली की जोडी सहसा सोडत नाही, दरवर्षी तिथेच परत येते. नर मादीला एकेक फळ भरवतो. ती घेते, ढोलीत डोकावते, मागे फिरते, पुन्हा येते. आणि मग एक दिवस आत शिरते ती शिरतेच.

आत गेल्यावर पहिलं काम दार बंद करण्याचं. माती कुठून आणणार? मग तिची स्वतःची विष्ठा, खाल्लेल्या फळांचा उरलेला गर, ढोलीतला लाकडाचा भुसा, जे असेल ते ती चोचीच्या कडेने थापत राहते. काही दिवस हे चालतं. लेप वाळला की इतका टणक होतो की चोच मारूनही सहज फुटत नाही. मधे फक्त एक उभी, अरुंद फट उरते. चोचीचं टोक बाहेर निघेल, एवढीच.

नाक मुरडू नका! आता हे ऐका. ही आई आत घाण साठू देत नाही. शेपटीकडची बाजू फटीला लावते आणि विष्ठेची पिचकारी थेट बाहेर. पिल्लूसुद्धा थोडं मोठं झालं की तेच करायला लागतं.

हे सगळं कशासाठी? देवरहाटीत घोरपड आहे, साप आहेत, झाडावर चढणारी उदमांजरं आहेत. शिवाय चांगली ढोली कमी आणि गिऱ्हाइकं फार, त्यामुळे दुसरे धनेशही हक्क सांगायला येतात. लिंपलेल्या दारातून ह्यांतलं कोणी सहजासहजी आत जाऊ शकत नाही.

आणि आता ह्या गोष्टीतला मला सर्वांत थक्क करणारा भाग. आत बसल्यावर ही मादी आपली पिसं टाकते. सगळेच पक्षी वर्षातून पिसं बदलतात, पण बहुतेक जण एकेक-दोनदोन करत, उडता यावं म्हणून. धनेशाची मादी मात्र पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं जवळजवळ एकदमच गाळते. म्हणजे आता दार कोणी उघडून दिलं तरी तिला उडता येणार नाही. तिला अन्न हवं, पिल्लाला अन्न हवं, नवी पिसं उगवायला अन्न हवं, आणि ते सगळं आणणारा बाहेर एकच. विश्वास म्हणजे काय, हे मला ह्या ढोलीकडे पाहून कळतं.

तो काय करतो? पहाटेपासून फळझाडांच्या फेऱ्या. वड, उंबर, नांदरूक, पायर. फळं गिळतो, पण पोटात जिरवत नाही, गळ्याशी साठवतो. ढोलीपाशी येऊन खोडाला बिलगतो, मान हलवतो आणि एकेक फळ उलटून चोचीच्या टोकाशी आणतो. फटीतून तिची चोच येते, फळ घेते. पुन्हा एक, पुन्हा एक. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर फळांसोबत सरडे, किडे, कधी छोटा सापही येतो, कारण वाढत्या जिवाला नुसत्या फळांवर भागत नाही. तरी उंबर-वडाची फळं त्यातही मोलाची, कारण त्यांत कॅल्शियम भरपूर असतं. अंड्याचं कवच आणि पिल्लाची हाडं त्यावरच बांधली जातात.

"पण आजोबा, उन्हाळ्यात एवढी फळं येतात कुठून?" बरोबर विचारलंस. ह्याचं उत्तर उंबराच्या पोटात आहे.

उंबर फोडलं की आत बारीक किडे दिसतात, म्हणून आजी तुम्हांला ते खाऊ देत नाही. ते किडे नसते तर उंबरही नसतं. आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो, ती खरं म्हणजे फुलांनी भरलेली बंद पिशवी आहे. शेकडो बारकी फुलं आतल्या बाजूला तोंड करून फुललेली. त्यांच्यापर्यंत मधमाशी पोचत नाही, फुलपाखरू पोचत नाही. पोचते ती एक इवलीशी गांधीलमाशी, आपल्या नेहमीच्या गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातली, पण डासाहून लहान. फळाच्या टोकाला बारीक भोक असतं, त्यातून ती अंग चोरून आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. दुसऱ्या उंबरावरून आणलेले परागकण ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी तिची पिल्लं तयार होतात. नर बिनपंखांचे असतात. ते भिंत पोखरून वाट करून देतात, पण स्वतः फार लांब जात नाहीत. माद्या परागकण घेऊन उडतात.

त्या जगतात एक-दोन दिवस. तेवढ्यात त्यांना त्याच जातीचं, नेमकं त्याच वेळी फुलांवर आलेलं दुसरं झाड गाठावं लागतं. वडाची माशी वडाकडे, उंबराची उंबराकडे. आता विचार करा. रानातली सगळी उंबरं एकदमच फळून मोकळी झाली, तर ह्या माश्या जाणार कुठे? म्हणून ती एकदम फळत नाहीत. कुठलं झाड माघात, कुठलं चैत्रात, कुठलं पावसाच्या तोंडावर. माशीला जगायचं असतं म्हणून रानात बाराही महिने कुठे ना कुठे उंबर, वड किंवा पायर पिकलेली असते. आणि ती असते म्हणूनच ऐन उन्हाळ्यात बापाला ढोलीतल्या बाळासाठी खाऊ मिळतो. डासाहून लहान जिवाच्या संसारावर चार फुटांच्या पक्ष्याचा संसार उभा आहे. मला ह्याच्याएवढी सुंदर गोष्ट दुसरी ठाऊक नाही.

धनेश हे फेडतोही. बिया तो मोडत नाही, लांब लांब नेऊन टाकतो. ढोलीखाली तर बियांचा सडा पडलेला असतो. पहिला पाऊस झाला की त्यातली रोपं वर येतात आणि त्यांवरून अभ्यासक सांगू शकतात की ह्या घरट्यात काय काय खाल्लं गेलं.

हं, बाळाकडे या म्हणताय? येतो. महाधनेशाची मादी एक किंवा दोन अंडी घालते आणि 38 ते 40 दिवस उबवते. पिल्लू येतं ते उघडंबागडं, गुलाबी, डोळे मिटलेलं, चोचीवर शिंगाचा पत्ता नसलेलं. दोन अंडी असली तरी बहुधा एकच पिल्लू मोठं होतं. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे ते सांगितलं पाहिजे. पिल्लाची भूक वाढत जाते. काही आठवड्यांत एकट्या बापाचं आणणं पुरेनासं होतं, आईची नवी पिसंही तोवर आलेली असतात. मग ती लेप फोडून बाहेर येते. जवळपास सबंध ऋतू आत काढलेली आई पहिल्यांदा पंख उघडते.

आणि मागे राहिलेलं पिल्लू काय करतं माहीत आहे? दार पुन्हा लिंपून घेतं! ज्याने अजून जग पाहिलेलं नाही, ज्याला कोणी शिकवलेलं नाही, ते आपल्याच विष्ठेने आणि उरल्यासुरल्या गराने फट बुजवायला लागतं. आता आई-बाप दोघेही फेऱ्या मारतात. साधारण वैशाखात, पाऊस पडायच्या आधी, पिल्लू स्वतःहून दार फोडतं आणि उडतं. त्याचं शिंग पुरतं वाढायला मात्र पुढे कितीतरी वर्षं लागतात.

"मग दादाचं काम काय?" महाधनेशाच्या घरात दादाला काम नाही. पण ईशान्येला, अरुणाचलाच्या नामदफाच्या रानात तपकिरी धनेश नावाचे ह्यांचे भाऊबंद राहतात. त्यांची रीत एकत्र कुटुंबाची. आई ढोलीत बसली की बापाबरोबर आणखी काही नर अन्न घेऊन येतात. त्यांत बहुधा आधीच्या वर्षांतले मोठे झालेले मुलगे असतात. धाकट्याला भरवल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. तेव्हा अळिवाचे लाडू आत नेऊन द्यायला तू बिनधास्त सुरुवात कर.

धनेश माणसात राहिल्याचीही एक गोष्ट आहे. 1894 साली कारवारहून काही महिन्यांचं एक महाधनेशाचं पिल्लू मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत आलं. त्याचं नाव विल्यम. फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत अचूक झेलायचा. 1920 पर्यंत तो तिथे जगला. संस्थेच्या बोधचिन्हावर आजही धनेश आहे आणि फोर्टातल्या तिच्या इमारतीचं नाव हॉर्नबिल हाऊस आहे. विल्यमवर लोकांनी फार माया केली, पण त्याला कधी ढोली मिळाली नाही, जोडीदारीण मिळाली नाही. मला तो देवरहाटीत म्हातारा झालेला आवडला असता.

माणसाने ह्या पक्ष्याला छळलंही पुष्कळ. चोचीसाठी मारलं, चरबीच्या तेलासाठी मारलं. आज 1972 च्या वन्यजीव कायद्याचं त्याला पूर्ण संरक्षण आहे. पण घरटं चालू असताना नर मारला गेला, तर एका गोळीने तीन जीव जाऊ शकतात, हे लक्षात ठेवा. अरुणाचलातल्या पक्केच्या रानाभोवती न्यिशी लोक राहतात. त्यांच्या पारंपरिक टोपीवर खऱ्या धनेशाची चोच मिरवायची. आता पुष्कळजण फायबरची चोच लावतात आणि गावातलीच माणसं घरट्यांची राखण करतात. लांबच्या शहरांतले लोक एकेक घरटं दत्तक घेऊन त्या राखणीचा खर्च उचलतात.

आपल्याकडे गोळीपेक्षा करवतीची भीती जास्त. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. झाड ठेवायचं की तोडायचं, हे तुमच्या-माझ्या घरात ठरतं. देवळाचा जीर्णोद्धार काढला की सभामंडपासाठी पहिली कुऱ्हाड देवरहाटीतल्या जुन्या झाडावर पडते. पोकळ झालंय, वठलंय, कधीतरी पडेल, असं म्हणून जे झाड आधी तोडतात, नेमकं तेच धनेशाला हवं असतं. नवी हजार रोपं लावली तरी त्यांतल्या एकातही उद्या ढोली होणार नाही. तिला माणसाच्या दोन-तीन पिढ्या लागतात.

म्हणून वाडीच्या बैठकीत झाड तोडायचा विषय निघाला तर तुमच्या बाबांना, काकांना एवढंच सांगा की आधी वर बघा, ढोली आहे का. असली तर ते झाड राहू द्या, आणि बांधावरचं उंबर नि पायरही राहू द्या. घरटं सापडलं तर जानेवारीपासून मे संपेपर्यंत त्याच्या जवळ जाऊ नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. खाली माणसं दिसली की नर बिचकतो, गळ्यातली फळं घेऊन तसाच माघारी जातो आणि आतली दोघं उपाशी राहतात.