कोंबड्यांची लस : टोळ्या निघण्याआधी



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी यांविषयीच लिहितो. या वेळी कोंबड्यांविषयी लिहीत आहे. शेतकी खात्याच्या माणसाला कोंबड्यांशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. पण गटात फिरताना उसाचा प्लॉट पाहून झाला की चहा सभासदाच्या घरीच होतो, आणि ओसरीवर बसले की कोंबड्या पायाशी येतातच.

नारायणगडाच्या परिसरात पुष्कळ घरं माळकरी. गडाला धाकटी पंढरी म्हणतात, तेव्हा ते साहजिकच आहे. ज्या घरात माळ आहे तिथं कोंबडी नसते आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बाकीच्या घरांत दहा-बारा कोंबड्या असतातच. उसाचे पेमेंट सभासदाच्या खात्यावर जमा होते. अंड्यांचे पैसे घरच्या बाईच्या कनवटीला असतात. मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, बाजाराला जायचे एसटीचे भाडे त्यातून निघते. एका मावशींना मी विचारलं, "महिन्याला किती सुटतात?" त्या म्हणाल्या, "सायब, ते कारभाऱ्याला बी म्हाईत न्हाई, तुमाला कसं सांगू?"

गावरान कोंबडीचा हिशेब सोपा. एका पाळीला बारा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक बसते. २१ दिवसांनी पिल्लं निघतात आणि ती सुटी होईपर्यंत अंडी बंद. वर्षाला पन्नास-साठ अंडी झाली तरी पुष्कळ. गिरीराज, वनराज या सुधारित जाती जास्त अंडी देतात. परंतु त्या सहसा खुडूक बसत नाहीत, पिल्लं पुन्हा विकत आणावी लागतात, आणि अंगाने जड असल्यामुळे कुत्र्या-मांजरापुढे पळताना कमी पडतात. माझं मत विचाराल तर परसात गावरानच बरी. उकिरड्यावर पोट भरते, रात्री आपण होऊन डालग्याशी येते. नांगरटीच्या वेळी औतामागे फिरून हुमणीच्या अळ्या वेचते, हा आमच्या खात्याला फुकटचा फायदा.

मुंगूस, घार एखादं-दुसरं पिल्लू नेते. पण मानमोडी आली की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. यालाच राणीखेत म्हणतात. जगात हा रोग न्यूकॅसल या नावाने ओळखला जातो. इंग्लंडातील त्या गावी तो १९२६ साली आढळला होता. कोंबडी पेंगते, हिरवट-पांढरी हगवण लागते, तोंड उघडून श्वास घेते, मान मुरगळते. औषध नाही. लस मात्र आहे आणि ती महागही नाही.

मग देत का नाहीत? अडचण बाटलीची आहे. लसीची लहानातली लहान बाटली साधारण शंभर पक्ष्यांची येते, आणि घरात कोंबड्या दहा. एकदा पाणी घालून विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. दहा कोंबड्यांसाठी नव्वद डोस कोण वाया घालवणार? म्हणून कोणीच आणत नाही. तीच बाटली आळीतल्या दहा घरांनी मिळून आणली तर एकेका घराला अगदी किरकोळ खर्च येतो.

यात माझ्या हातून एक चूक झाली आहे. तीन वर्षांपूर्वी एका वस्तीवरच्या बायकांना मीच तयार केलं. लस मीच आणली. वाटेत एका सभासदाने लावण दाखवायला थांबवलं. बाटली मोटारसायकलच्या डिकीत, वर ऑक्टोबरचं ऊन, आणि मी सरीतले फुटवे मोजत बसलो. संध्याकाळी लस दिली. महिन्याच्या आत मानमोडी आली आणि सत्तरपैकी निम्म्याहून अधिक कोंबड्या गेल्या. ही लस थंडीत ठेवावी लागते, २ ते ८ अंशांत. तापली की ते नुसतं पाणी. हे मला डिप्लोमाला शिकवलेलं होतं. त्या वस्तीवर पुढच्या वर्षी एकही कोंबडी कोणी धरून दिली नाही. "टोचून बी मेल्या" एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं, आणि ते खोटं नव्हतं.

आता वेळेविषयी. आपल्या भागात एक भाऊ सभासद तर दुसरा कोयत्यावर, अशी घरं कमी नाहीत. दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या निघतात आणि संसाराबरोबर डालग्यातल्या कोंबड्याही ट्रॉलीत चढतात. अड्ड्यावर कोप्यांना लागून कोप्या, दहा गावच्या कोंबड्या एकाच राखेत लोळतात. एकीला रोग असला तर सगळ्यांना होतो, आणि परतताना तो गावात येतो. म्हणून लस निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी झाली पाहिजे. लहान पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा एक. आठ आठवड्यांच्या पुढे आर-टू-बी पंखाखाली टोचतात. आर-टू-बी लहान पिल्लांना देऊ नये, ती दगावतात.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला कोणाला आवडत नाही. रोग दिसला की घाईघाईने कोंबड्या बाजारात नेऊन विकतात. पैसे सुटतात, पण रोग दुसऱ्या गावी जातो. मेलेली कोंबडी उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावी. एकाएकी फार मर दिसली तर पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावेच. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे बर्ड फ्लू आला होता; तो रोग वेगळा, त्याला ही लस चालत नाही.

लावणीच्या वेळी सरीत दाणेदार कीटकनाशक टाकले असेल तर मातीआड करून पाणी देईपर्यंत कोंबड्या डांबाव्यात. त्या दाणे समजून ते टिपतात.

ज्या आळीत शंभराच्या आसपास पक्षी जमतील त्यांनी आपल्या चिटबॉयकडे आकडा द्यावा. लस संध्याकाळी, कोंबड्या डालग्याखाली गेल्यावर देऊ, म्हणजे धरायला पळापळ नको. या वेळी बर्फाचा थर्मास सोबत असेल आणि वाटेत मी कोणाचा प्लॉट पाहणार नाही.