मूल शाळेत जायला कुरकुरतं तेव्हा...

सोमवार उजाडला की मुलाच्या पोटात दुखतं. आपण ओवा चावायला देतो आणि शाळेत पाठवतो. संध्याकाळी डबा अर्धा तसाच परत, सदऱ्याचं बटण तुटलेलं. विचारलं तर ‘पडलो’ एवढंच उत्तर! मैत्रिणींनो, दर वेळी हा अभ्यासाचा कंटाळा नसतो. वर्गातली पोरं त्याच्या चालण्याबोलण्यावरून ‘बायल्या’ म्हणून छळत असतील. मुलींच्या वाट्यालाही हे येतं. मैत्रिणीशी जरा जास्त जवळीक दिसली की कुजबुज सुरू.

नाजूक बोलणारा प्रत्येक मुलगा समलिंगी असतो असं मुळीच नाही. पण समजा असला, तर? तर तो आजारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. तुमच्या वळणाचा, लाडाचा किंवा घरातल्या भांडणाचा हा परिणाम नव्हे. तेव्हा अंगारे-धुपारे नकोत, ‘बरं करून देतो’ म्हणणारा डॉक्टरही नको. असे उपचार म्हणजे डॉक्टराचं गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि ‘लग्न लावून दिलं की येईल ताळ्यावर’ हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. त्यात दुसऱ्या घरच्या लेकराचंही आयुष्य होरपळतं.

मग करायचं काय? आधी ऐकून घ्या. ‘तूच जरा नीट वाग’ म्हणालात, तर पुन्हा ते मूल तुम्हाला काही सांगणार नाही. त्याने मन मोकळं केलं, तर ते त्याला विचारल्याशिवाय कुणाकडे बोलू नका. अगदी नणंदेकडे किंवा बहिणीकडेही नाही. मारहाण, शिवीगाळ केव्हा झाली, कुठे झाली, कुणी केली, हे तारखेनिशी वहीत टिपून ठेवा. मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मधली सुट्टी, स्वच्छतागृह आणि शाळेची व्हॅन, इथे लक्ष ठेवायला सांगा. अर्जात छळाबद्दलच लिहा, मुलाची खाजगी गोष्ट लिहायची गरज नाही.

कायदाही पाठीशी आहे. अंगाशी लैंगिक चाळे झाले असतील, तर २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. कॉलेजात लैंगिक कलावरून छळणं हे रॅगिंगच, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या दुरुस्तीत म्हटलं आहे. आणि ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोन प्रौढांमधला संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा राहिलेला नाही. म्हणून ‘पोलिसांत देऊ’ अशी धमकी कुणी दिली तर घाबरू नका.

मूल गप्प गप्प राहू लागलं, ‘मला जगायचंच नाही’ म्हणालं, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रीबेरात्रीही लागतो. मुलांसाठी १०९८ आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून या क्षेत्रात आहे, आणि ‘स्वीकार’ या गटात तर तुमच्यासारखेच आईवडील भेटतात.

आणखी एक. टीव्हीवर एखादं बायकी पात्र आलं की आपण घरात खो खो हसतो. शेजारी बसलेलं आपलं मूल त्या वेळी काय ऐकत असेल, एवढा विचार आजपासून करू या.